अशोकाची साल

कपडे चोरणारे, सायकलीची घंटी चोरणारे, देवाला म्हणून दुसऱ्याच्या कुंपणातली जास्वंद पहाटेच ओरबाडणारे, असे सगळे चोर आमच्या कॉलनीत होते. झाडाची साल चोरणारा मात्र मी कधी ऐकला नव्हता. म्हणून मी कमलिनीला सरळ विचारलं, "साल नेऊन कोणी काय करणार?" तर तिनं माझ्याकडे असं पाहिलं, जणू मी मुद्दाम वेड पांघरतेय.

"तुला माहीत नाही काय करतात ते?" ती म्हणाली. "दरवर्षी ऐकतेस की माझ्याकडून."

कमलिनी वालावलकर माझी शेजारीण. पिपलानीत आमची क्वार्टर्स एकाच रांगेत, मध्ये फक्त मेंदीचं कुंपण. ती सावंतवाडीकडची, तिचे शांतारामभाऊ कारखान्यात फोरमन. मी नागपूरची म्हणायची, पण वाढले भोपाळातच. राज्यं बदलली तेव्हा माझे वडील सचिवालयाच्या फायलींबरोबर नागपूर सोडून इकडे आले. पुढे लग्न होऊन मी बोकाऱ्यांकडे पडले, तेही ह्याच कारखान्यात क्लार्क. माझी जीभ तिखट आहे हे आधीच सांगून टाकते, म्हणजे पुढे कोणी दचकायला नको.

तर ते झाड. कमलिनीच्या क्वार्टरमागे, मोरीच्या भिंतीच्या सावलीत, खरा अशोक होता. सीतेचा अशोक. कॉलनीच्या मोठ्या रस्त्याला दोन्हीकडे जे सरळसोट उंच उभे आहेत त्यांनाही सगळं गाव अशोकच म्हणतं. कमलिनी त्यांना भामटे म्हणायची. तिचं झाड घाटाखालच्या रानातलं. तिथं म्हणे दुपारीसुद्धा ऊन जमिनीला लागत नाही आणि अनवाणी चाललं की तळव्याला ओल लागते. माहेराहून परतताना तिनं ते हातभर रोप मांडीवर घेऊन आगगाडीनं आणलं होतं. आमच्याकडे मे महिन्यात लू सुटली की माणसं कांदा खिशात घेऊन फिरतात, तिथं हे असलं नाजूक पोर जगवायचं! तिनं न्हाणीचं पाणी वळवून बुंध्याशी सोडलं. उन्हाळाभर ओली पोती गुंडाळली. तिचा अरविंद लहानपणी तापानं फणफणला होता तेव्हाही ती आधी झाडाला पाणी घालून मग डॉक्टरकडे गेली, असं पलीकडची शारदा सांगते. मी पाहिलेलं नाही. पण खोटंही वाटत नाही.

झाडानंही तिचं नाव राखलं. कोवळी पानं तांबूस, मऊ, चुरगळलेल्या पदरासारखी लोंबायची. माघ-फाल्गुनात खोडाला, फांद्यांना केशरी फुलांचे गुच्छ लागायचे आणि माझ्या न्हाणीतदेखील वास यायचा. चैत्रात अष्टमीला अशोकाच्या कळ्या पाण्याबरोबर गिळायच्या असं पंचांगात छापलेलं असतं. भोपाळातल्या मराठी बायका ते वाचून पान उलटायच्या, कारण कळ्या आणायच्या कुठून? कमलिनीचं झाड फुलायला लागल्यापासून मात्र अशोकाष्टमी म्हणजे वालावलकरांकडे हळदीकुंकू, हे ठरून गेलं. डाळ, पन्हं, प्रत्येकीच्या तळहातावर आठ कळ्या आणि मग कमलिनीचं भाषण. शोक जातो म्हणून अशोक. साल दुधात उकळून घ्यावी, बाईचं अंगावरून जास्त जात असेल तर थांबतं. आमचं अर्धं लक्ष डाळीकडे असायचं.

त्या वर्षी थंडी सरता सरता तिला खोडावर पहिली जखम दिसली. भिंतीकडच्या बाजूला, घरातून दिसणार नाही अशी. सुरीनं उभी पट्टी काढलेली, आतलं लाकूड ओलं, लालसर. काही दिवसांनी त्याच्याशेजारी दुसरी. मग तिसरी.

"गोल फिरली ना साल, तर झाड उभ्या उभ्या मरेल," कमलिनी म्हणाली आणि तिचा आवाज फाटला. एरवी तिला रडताना मी पाहिलं नव्हतं. मला खरंच वाईट वाटलं.

आधी तिनं बकऱ्यांवर संशय घेतला. बकरीला सुरी धरता येत नाही हे मीच तिच्या लक्षात आणून दिलं. मग आनंद नगरातल्या एका काढेवाल्यावर. तो इतक्या लांबून भिंत चढून पट्टीभर साल न्यायला येईल? शेवटी तिनं डोकं लावलं आणि तिथंच सगळ्यांच्या नशिबात बिब्बा पडला. चोर बाई आहे. चोर आमच्याच रांगेतली आहे. चोराला सालीचा उपयोग ठाऊक आहे. आणि चोराला ती तक्रार आहे.

एकदा असं ठरल्यावर तिनं काय करावं? चौकशा! बिट्टन मार्केटला भाजीच्या हाटात, भेंडी निवडता निवडता, तिनं शारदेला विचारलं, "तुझं सगळं वेळच्या वेळी आहे ना?" शारदा म्हणाली, "काय वेळच्या वेळी?" आणि मग कळल्यावर भेंडी तिथंच टाकून निघून आली. दुसऱ्या एकीच्या दोरीवरच्या, अडचणीच्या दिवसांतल्या जुन्या पातळाच्या घड्या मोजल्या म्हणे. बायका मागच्या अंगणात कपडे वाळत घालायला घाबरायला लागल्या. प्रत्येकीला वाटायचं, पलीकडची पडद्याआडून पाहतेय. आणि खरं सांगू, पलीकडची पाहतच असायची. मीही पाहत होते. शारदा हल्ली पिवळी दिसते, असं मीच माझ्या ह्यांना सांगितलं. ते म्हणाले, "तू तुझी भाकरी बघ."

पण शारदेनं एक दिवस येऊन मला सांगितलं, "प्रमिला, तुझ्यावर आहे हं तिचा डोळा."

"माझ्यावर?"

"तुझं वय बघ ना."

मी सत्तेचाळीसची होते. ह्या वयात बाईवर असला संशय घ्यायला पुरावा लागत नाही. शिवाय आमच्या दोघींच्या घरांमध्ये फक्त मेंदी. मला हसू आलं आणि मग आलेलं हसू तोंडातच सुकलं. वीस वर्षांपासूनची शेजारीण. माझ्या बाळंतपणात हिनं मला न्हाऊ घातलं होतं. हिला झाडाची साल हवी होती तर मी मागितली नसती?

मी तोंडावर विचारणार होते. पण त्याच आठवड्यात ती स्वतःच गोड बोलत आली.

"प्रमिला, तुझ्याकडे बिब्बे असतील ना? टाचा फार फुटल्यात गो."

बिब्बे माझ्याकडे कायम असतात. माझे सासरे चंद्रपूरकडचे. तिकडून कोणी आलं की जवस, मोहाची फुलं आणि बिब्बे घेऊनच येतं. मी डब्यातून मूठभर काढले, सुईला एक टोचून दिव्यावर धरून तेल कसं सोडायचं ते दाखवलं. तिला सगळं ठाऊक होतं, तरी मी दाखवलं. मला कामाचा उत्साह फार. तेवढ्यात तेलाचा थेंब माझ्या मनगटावर उडाला.

"पुसून टाक लगेच," ती म्हणाली.

"पुसून काय होते? मला उततेच तो," मी म्हणाले. बिब्बा कोणाला उततो, कोणाला नाही. मला हटकून उततो. दुसऱ्या दिवसापासून मनगटाला खाज, मग पुरळ, मग बारीक फोड. मी खोबरेल लावून गप्प राहिले.

पण माझं लक्ष तिच्या टाचांकडे होतं. बिब्बा लावला की काळा डाग पडतो, तो कातडी निघेपर्यंत जात नाही. परीट कपड्यांवर खुणा करतो तो उगीच नाही. दोन दिवसांनी कमलिनी मागच्या दारी पाय धुवत होती. टाचा स्वच्छ. मग बिब्बा घेतला कशाला? माझ्या मनात पाल चुकचुकली. बिब्बा, लिंबू, मिरच्या ओवून दाराला बांधतात. कोणाची नजर लागू नये म्हणून. कोणाची? आमचीच की. मी संध्याकाळी मुद्दाम तिच्या पुढच्या दारावरून चक्कर मारून आले. दाराला काही नव्हतं. मागं झाडाकडे जायचं मला सुचलं नाही.

अष्टमीला मी जाणार नव्हते. पण गेले नाही तर चोर मीच हे पक्कं झालं असतं. म्हणून चांगलं इरकल नेसून, वेणी घालून, ताठ मानेनं गेले.

पुढच्या खोलीत सतरंजीवर बायका बसल्या होत्या. गौरीपुढे कलिंगडाची फुलं कापून मांडली होती, दवण्याचा वास होता. सगळं नेहमीसारखं. फक्त अनुराधा दिसेना. अनुराधा म्हणजे कमलिनीची सून, अरविंदची बायको. लग्नाला दोन वर्षं झाली होती. अरविंद त्या दिवसांत दूर कुठे वीजघराच्या साइटवर होता, दोन-तीन महिन्यांनी एकदा यायचा. पोरगी इंदूरची, गरीब, उंच आवाजात बोललेली मी ऐकली नाही.

"सून कुठंय?" शारदेनं विचारलं.

"बसलीय बाजूला," कमलिनी म्हणाली. "ऐन हळदीकुंकवाला अडचण. ह्या महिन्यात दुसऱ्यांदा. मला तर निमित्तंच वाटतात. घरात काम निघालं की हिची अडचण निघते." मग आवाज उतरवून म्हणाली, "बातमी मात्र कसली म्हणून नाही."

बायका हसल्या. मीही हसले बहुतेक.

कमलिनी उठली. हळद, कुंकू, मग अत्तर. आमच्यात अत्तर हाताच्या पाठीवर लावतात. एरवी अत्तराची कुपी सुनेकडे असायची, आज तिनं स्वतः घेतली होती. प्रत्येकीचा हात ती आपल्या हातात घ्यायची, अत्तर लावायची, मग हळूच उलटा करून तळहातावर कळ्या ठेवायची. वाजवीपेक्षा जास्त वेळ लागत होता. बोटांची बेचकी बघत होती ती. बांगड्या वर सारत होती. डॉक्टर नाडी बघताना बघतो तशी. आणि अचानक माझ्या डोक्यात उजेड पडला. टाचा स्वच्छ होत्या. बिब्बा झाडाला लावला होता!

मी हात पदराखाली घेतला. हे मी का केलं देव जाणे. साल मी काढली नव्हती. पण संशयात माणूस बरोबर तेच करतो जे चोर करील.

"हात दे," कमलिनी म्हणाली.

मी दिला. तिनं मनगट उलटं केलं. फोड फुटून खपली धरली होती. तिनं अत्तराची कुपी गौरीपुढे ठेवली आणि म्हणाली, "मला वाटलंच होतं."

"काय वाटलं होतं?"

"झाडाला मी बिब्बा माखून ठेवला होता. काल दुपारी मी बाजारात गेले नि साल गेली. आज तुझा हात हा असा."

"अगं, तुलाच बिब्बा देताना उडाला तो! तू समोर होतीस. पुसून टाक म्हणालीस ना तू?"

"त्याला आठवडा झाला. पुसलाही होतास."

"बिब्बा पुसून जाते का? काय बोलून राहिली तू?" माझा आवाज चढला. चढला की माझं नागपूर बाहेर येतं.

"प्रमिला, तू मागितली असतीस तर मी माझ्या हातानं काढून दिली असती. चोरलीस कशाला? तक्रार असणं हा काय गुन्हा आहे?"

सगळ्या बायका माझ्याकडे पाहत होत्या. माझ्या हाताकडे नाही, माझ्या पोटाकडे. शारदेनं आपली डाळीची बशी माझ्यापासून थोडी पलीकडे सरकवली. ती शारदा, जिच्याशी मी कालपर्यंत कमलिनीला नावं ठेवत होते. माझ्या अंगाची आग आग झाली. मी कळ्या न घेताच उठले. चपला पुढच्या दारात होत्या आणि मध्ये सगळा बायकांचा फड. त्यांच्यामधून वाट काढत जायची मला लाज वाटली. मी अनवाणीच स्वयंपाकघरातून मागच्या दाराकडे निघाले.

मागच्या पडवीत, नळाखाली दोन्ही हात धरून अनुराधा बसली होती.

माझी चाहूल लागताच तिनं पदर तोंडावर घेतला, पण हात लपवायचे राहिले. बोटं सुजून टम्म. बेचक्यांत पाणी भरलेले फोड, मनगटापर्यंत लाल पट्टे. मी पदर बाजूला केला. ओठ नव्हतेच, नुसती सूज होती. कोपऱ्यांतून पाणी गळत होतं.

"प्यायलीस तू ती?" मी विचारलं.

तिनं मान डोलावली. शब्द फुटेना. तुकड्या-तुकड्यांनी जे कळलं ते असं. काल दुपारी साल काढली, दुधात उकळून प्यायली, रात्रीपासून तोंड जळतंय. झाडाचा कोप झाला असं तिला वाटलं होतं. आत्ता आतून कमलिनीचा आवाज ऐकला तेव्हा कळलं की कोप कसला होता. अंगावरून जातंय, थांबत नाही. महिन्यातले जेमतेम चारच दिवस कोरडे जातात.

"आणि सांगितलं नाहीस?"

"गर्भाशयच काढतील ना, काकू." हे मात्र मला स्पष्ट ऐकू आलं. "मग मला ठेवतील का इथं?"

मी तिच्याकडे पाहत राहिले. पिवळी शारदा नव्हती, पिवळी ही होती. नखं पांढरी, डोळ्यांच्या आत पांढरं. कुंपणाच्या एवढ्या अलीकडे मी राहत होते आणि पडद्याआडून भलत्यांनाच बघत होते.

"सांगू नका," ती म्हणाली आणि त्या सुजलेल्या हातांनी माझे पाय धरले.

आत माझ्या नावाचा उद्धार चाललेला ऐकू येत होता. शारदा म्हणत होती, "तरीच मी म्हणते, ही गेल्या महिन्यात देवळात आली नाही." मला एवढंच करायचं होतं. ह्या पोरीचा हात धरून तिला पुढच्या खोलीत उभी करायची. माझं नाव धुऊन निघालं असतं. वीस वर्षं जपलेलं नाव, आणि मला ते हवं होतं, का नको असेल? पण पोरीच्या हाताला धरायला जागाच नव्हती, सगळा फोडांनी भरलेला.

मी एकटी आत गेले.

"हो," मी म्हणाले. "मीच काढली साल. झालं समाधान? आता ते पुरे. तुझ्या सुनेला बरं दिसत नाही, कमल, तिला दवाखान्यात दाखवून आणते मी."

कमलिनीला पहिलं वाक्य तेवढं ऐकू आलं. तिचा चेहरा उतरला. खरं सांगते, मला वाटलं होतं ती जिंकल्यासारखी दिसेल. तशी नाही दिसली. माणूस इतके दिवस ज्याची वाट पाहतो ते हातात आल्यावर त्याला ते नकोसं होतं, तशी दिसली.

"माझ्या सुनेचं मी बघेन," ती म्हणाली. "तू जा. आणि परत माझ्या घरात पाय ठेवू नकोस. अनुराधेशीही बोलायचं नाही. कुंपणावरूनसुद्धा नाही."

तेवढ्यात बायकांच्या नजरा माझ्या खांद्यावरून मागे गेल्या. अनुराधा स्वयंपाकघराच्या दारात उभी होती. पदर डोक्यावर नव्हता, तोंडावर नव्हता. बाजूला बसलेली सून, गौरीपुढे, सगळ्या सवाष्णींच्या मध्ये चालत आली. एक बाई "अगं, गौर शिवशील" म्हणाली. अनुराधेनं सासूपुढे दोन्ही हात पुढे केले. बायका कळ्या घेताना करतात तसेच, तळवे वर करून.

कमलिनी त्या हातांकडे बघत राहिली. मग ती जे बोलली ते मी जन्मात विसरणार नाही.

"तुला हे कोणी शिकवलं?" तिनं विचारलं. आणि माझ्याकडे बोट केलं. "हिनंच ना?"

अनुराधेनं मान हलवली. नाही. तिनं सासूकडे पाहिलं, नुसतं पाहिलं. त्या खोलीत बसलेल्या प्रत्येक बाईला ते भाषण पाठ होतं. साल दुधात उकळून घ्यावी. माझी सोडाच, शारदेचीही मान खाली गेली. कमलिनी म्हणाली, "अगं पण मी..."

मग पोरगी खाली बसली तेव्हा सतरंजीवर डाग उमटला आणि तो पसरत गेला. शिवाशिव, गौर, कळ्या, कोणाला काही आठवलं नाही. तिला पहिल्यांदा उचलायला धावली ती कमलिनी, हे मात्र मला सांगितलंच पाहिजे. तिनं स्वतःचं नेसतं लुगडं सावरलं नाही. शारदेच्या घरची फियाट होती, तिच्यात मागं पोरगी आडवी, तिचं डोकं माझ्या मांडीवर, पाय कमलिनीच्या. वाटेत आम्ही दोघी एकमेकींकडे पाहिलं नाही.

कारखान्याच्या दवाखान्यातल्या डॉक्टरीणबाई कडक होत्या. "कब से चल रहा है ये?" त्यांनी विचारलं. अनुराधेला बोलता येत नव्हतं. कमलिनी उभी होती. सून तिच्याच घरात राहत होती, तिच्याच न्हाणीत न्हात होती, तिच्याच दोरीवर कपडे वाळत घालत होती.

"संक्रांतीनंतर," कमलिनी हळूच म्हणाली. "तेव्हा पहिल्यांदा साल गेली."

"कौनसी साल?" डॉक्टरीणबाईंना काही कळेना. मी त्यांना झाडाचं सांगायला लागले, तर अनुराधेनं माझा पदर ओढला. ती मान हलवत होती. नाही, संक्रांत नाही. तिनं ओठ जुळवायचा प्रयत्न केला, जुळेनात. शेवटी जिभेनंच कसंबसं म्हणाली, "दिवाळी."

कमलिनी भिंतीला टेकली. दिवाळीपासून संक्रांतीपर्यंत पोरीनं नुसतं सोसलं होतं, झाडाला हातही लावला नव्हता. तेवढ्या दिवसांचा कमलिनीकडे काही हिशेबच नव्हता.

गर्भाशयात गाठ होती. रक्त द्यावं लागलं. गाठ काढता येईल, बाकीचं मागाहून बघू, असं डॉक्टरीणबाई म्हणाल्या. तोंडाला बिब्बा लागल्याचं कळल्यावर त्यांनी कपाळाला हात लावला. "ये किसने लगाया था पेड पे?" त्यांनी विचारलं. कमलिनीनं मान वर केली आणि म्हणाली, "मैंने." आवाज न कापता म्हणाली. पलंगावर अनुराधेनं डोळे मिटून घेतले.

नर्सनं विचारलं, रात्री सोबत कोण राहणार? कमलिनी पुढं झाली. अनुराधेच्या मुठीत माझा पदर अजून होता, तो तिनं सोडला नाही. नर्सनं माझं नाव लिहून घेतलं.

बाहेर जाता जाता कमलिनी व्हरांड्यात माझ्याशी थांबली. "शारदेला मी सांगीन," ती म्हणाली, "तू नव्हतीस म्हणून."

"तिनं डोळ्यांनी पाहिलंय. आणखी काय सांगशील?" मी म्हणाले. माझा राग गेला नव्हता. पोरीला हिच्यामुळं हे भोगावं लागलं म्हणून राग, मला सगळ्यांदेखत नागवलं म्हणून राग, आणि एवढ्या वर्षांत हिनं मला ओळखलंच नाही म्हणून सगळ्यात जास्त. तिनं क्षमा मागितली असती तर मी फटकन काहीतरी बोलले असते. तिनं मागितली नाही. पायऱ्या उतरून गेली.

दुसऱ्या दिवशी सकाळी, अजून झाडूवाला फरशी पुसत होता, तेव्हा ती डबा घेऊन आली. तांदळाची पेज केली होती तिच्या गावाकडच्यासारखी, पातळ, कोमट. दारातच तिनं डबा माझ्या हातात दिला.

"तिला दे. माझ्या हातची आहे म्हणून सांगू नकोस."

"का?"

"खाणार नाही ती," कमलिनी म्हणाली.

तिचे डोळे सुजले होते. माणसांवर आयुष्यभर संशय घेणाऱ्या बाईला आपल्यावर कोणी संशय घेतला की कसं वाटत असेल, ते मला त्या दिवशी दिसलं. मला बरं वाटेल असं मला वाटलं होतं. नाही वाटलं.

मी पेज वाटीत ओतली, अनुराधेला उशीला टेकवून बसवलं. रंग थोडा परत आला होता. भूक लागलेली दिसत होती. मी चमचा पुढे केला, तर तिनं तोंड मिटलेलंच ठेवलं आणि वाटीकडे पाहिलं.

"कोणी केली?" तिनं विचारलं.

मला खोटं बोलता येत होतं. माझ्या घरून आली म्हणाले असते तर काय बिघडलं असतं? पण आदल्या दिवशी एक खोटं बोलून झालं होतं आणि त्याचं काय झालं ते मी पाहिलं होतं.

"तुझ्या सासूनं," मी म्हणाले.

तिनं मान वळवली. दाराला अर्धी काच होती आणि काचेपलीकडे कमलिनी उभी होती. गेली नव्हती. ती आत येत नव्हती आणि जातही नव्हती, नुसती वाटीकडे बघत होती. तिनं ते सगळं पाहिलं.

मी चमचा भरला आणि अनुराधेच्या डोळ्यांदेखत स्वतः खाल्ला. मग आणखी एक. पेज चांगली झाली होती, मीठ मुद्दाम कमी घातलं होतं. पोरगी माझ्या ओठांकडे, माझ्या घशाकडे टक लावून बघत राहिली. मीही घाई केली नाही. दाराबाहेर कमलिनीनं पदर तोंडात कोंबला होता. थोड्या वेळानं अनुराधेनं तिच्याकडे पाहिलं नाही, माझ्याकडेही पाहिलं नाही, पण तोंड उघडलं, आणि मी तिला भरवायला लागले.